अमृत कोकम : साखरेचे माप आणि ग्राहकाचा विश्वास

(महिला बचत गटांच्या मेळाव्यातील भाषण)

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत रातांबा पिकतो तो मुख्यतः एप्रिल-मे महिन्यांत. फळे उतरवून होतात न होतात तोच मृगाचा पाऊस दाराशी उभा राहतो. मग उरलेले फळ झाडाखाली कुजते आणि आमसुले वाळवण्यास ऊन मिळत नाही. ही नासाडी टाळण्याचा घरगुती मार्ग म्हणजे अमृत कोकम. त्यासाठी चूल पेटवावी लागत नाही.

पूर्ण पिकलेली, गर्द लाल, न फुटलेली फळे निवडावीत. ती धुऊन, पुसून, चिरून बिया व गर वेगळा करावा. १ किलो सालींस २ किलो साखर हे प्रमाण ठेवावे. काचेच्या किंवा चिनी मातीच्या कोरड्या बरणीत साल व साखर यांचे थर द्यावेत. वरचा थर साखरेचा असावा. रोज एकदा कोरड्या पळीने ढवळावे. साधारण आठवडाभरात साखर विरघळते व लालबुंद पाक सुटतो. तो गाळून घ्यावा. कोकम आम्लधर्मी असल्याने तांब्याचे, लोखंडाचे वा ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये.

आता मुख्य मुद्दा. साखर महागली की ती कमी घालण्याचा मोह होतो. परंतु येथे साखर केवळ गोडीसाठी नाही. ती राखण करते. पाकात साखरेचा अंश शेकडा ६५ च्या वर असला म्हणजे जंतूंना वाढण्यास पाणीच मिळत नाही. हे प्रमाण घटले की सरबत आंबते, फसफसते, प्रसंगी बाटली फुटते. वाचविलेल्या साखरेपायी हंगामाची कमाई जाते आणि ग्राहकाचा विश्वासही जातो. गेलेला विश्वास पुढल्या हंगामात परत येईलच असे नाही.

विक्रीसाठी सरबत करताना १ किलोस अर्धा ग्रॅम सोडियम बेंझोएट तोलून घ्यावे व चमचाभर उकळून निवविलेल्या पाण्यात विरघळवून मिसळावे. अंदाजाने घालू नये. पोटॅशियम मेटाबायसल्फाईट येथे चालत नाही, कारण त्याने कोकमाचा नैसर्गिक रंग उडतो. वरून कृत्रिम रंग तर मुळीच नको. बाटल्या उकळत्या पाण्यात निर्जंतुक करून पूर्ण वाळवाव्यात. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी करावी; बाटलीवर घटक व तयार केल्याची तारीख लिहावी.

पिताना १ भाग सरबतास ५ भाग थंड पाणी, चिमूटभर मीठ व जिरेपूड पुरे. बियाही फेकू नयेत. त्या वाळवून कोकमतेल निघते.

भगिनींनो, फळ आपल्या परसातले आहे, कृती आपल्या आजीची आहे. त्यांना अचूक मापाची व स्वच्छतेची जोड द्या. मग पाऊस लवकर आला तरी आपले कष्ट वाया जाणार नाहीत.