तव्याचा पाऊण तास

(हिंजवडी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त अर्थशास्त्र-प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘माहिती-तंत्रज्ञान उद्योग आणि कंत्राटी श्रमिक’ असा भारदस्त विषय दिला होता आणि त्यावर मी रीतसर टिपणेही काढली होती. परंतु गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीने येथल्याच एका कचेरीच्या उपाहारगृहाच्या भटारखान्यात मी एक संध्याकाळ काढली, आणि ती टिपणे बाजूला ठेवावीशी वाटली. आज मी बोलणार आहे ते एका तव्याविषयी आणि तो रोज रात्री घासला जातो त्या पाऊण तासाविषयी. विषय क्षुल्लक वाटला तर थोडा धीर धरावा.

घरातला तवा डोळ्यांसमोर आणू नका. हा तवा म्हणजे माणूस आडवा झोपेल एवढ्या लांबीचा, बोटभर जाडीचा सपाट पोलादी पत्रा. खाली गॅसच्या शेगड्यांची रांग, पुढच्या कडेला तेल वाहून जाण्यासाठी पन्हळ आणि पन्हळीखाली एक खोलगट ट्रे. सकाळी सातपासून त्यावर डोसे आणि उत्तप्पे, संध्याकाळी पराठे आणि पावभाजी. येथल्या कचेऱ्यांना अमेरिकेचे घड्याळ सांभाळावे लागते, म्हणून रात्रीही त्याला विसावा नाही. दोन डोशांच्या मध्ये पाण्याचा शिपका मारून झाडूचा फटकारा द्यायचा आणि तेलात बुडवलेला अर्धा कांदा फिरवायचा, ही सफाई गिऱ्हाईक पाहते आणि तिचे त्याला कौतुकही वाटते. रात्रीची सफाई पाहायला मात्र कोणी थांबत नाही.

ती मी पाहिली. गॅस बंद केल्यावर तवा पुरता निवू द्यायचा नसतो. निवला की करपलेले तेल दगडासारखे घट्ट बसते. उलट दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या पोलादावर एकदम गार पाणी ओतले तर पत्रा आक्रसून वाकतो आणि ओतीव असेल तर तडकतोही. या दोहोंच्या मधली वेळ नेमकी साधावी लागते. प्रथम रुंद पात्याच्या खरवडणीने सारा जळका थर पन्हळीत ओढायचा. मग थोडे थोडे कोमट पाणी सोडायचे. या वेळी जी वाफ उसळते ती मनगट आणि कोपर भाजल्याशिवाय सहसा राहत नाही. मग सच्छिद्र दगडाला तेल लावून तो दाबून, पत्र्याच्या रेषेच्या दिशेनेच ओढायचा. गोल गोल घासले तर चरे पडतात आणि दुसऱ्या दिवशी डोसा नेमका तेथेच चिकटतो. त्यानंतर फडके, मग पन्हळ आणि ट्रे रिकामा करून धुणे, आणि शेवटी तव्यावर तेलाचा पातळ हात.

हा शेवटचा हात फार महत्त्वाचा. तेल तापून पोलादावर एक पातळ, गुळगुळीत, काळसर थर धरते. त्यामुळे पदार्थ चिकटत नाही आणि गंज चढत नाही. पण त्याच थरात पीठ, साखर, कांदा करपून मिसळत गेले की त्याचा कोळसा होतो, आणि कोळसा उष्णता अडवतो. तवा एका जागी कच्चा राहतो, दुसऱ्या जागी जाळतो, आणि गॅस अधिक लागतो. म्हणजे कोणता थर राखायचा आणि कोणता काढायचा हे हाताला कळावे लागते. ज्या हाताला हे कळते त्याची नोंद पगारपत्रकावर ‘अकुशल’ या रकान्यात असते, हे मी मुद्दाम पाहून घेतले.

तवा घासणारा तरुण उदगीरकडचा. पंचविशीचा. सकाळी सात ते साडेअकरा आणि संध्याकाळी साडेसहा ते अकरा अशी त्याची तुटक पाळी आहे. मिळून नऊ तास भरतात. आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा यातच मोडते, ते तूर्त सोडून देतो. अकरा वाजून पाच मिनिटांनी त्याने दाराजवळच्या यंत्रावर बोटाचा ठसा उमटवला, आणि परत येऊन खरवडणी हातात घेतली. मी चकित होऊन विचारले, “अरे, पाळी संपली ना?” तो म्हणाला, “हो सर. पण तवा तर आपलाच असतो ना. सकाळी आपल्यालाच लागतो.”

‘आपलाच’ हा शब्द मी त्या रात्रीपासून मनात घोळवीत आहे. तवा कंत्राटदाराचा. गॅसही त्याचाच. जागा आणि वीज कंपनीची. त्या तरुणाचे त्यात काय आहे? फक्त रात्रीचा पाऊण तास. आणि तो तेवढा त्याच्या हिशेबात नाही.

याच इमारतीत वरच्या मजल्यांवर काय चालते ते आपणांपैकी अनेकांना प्रत्यक्ष ठाऊक आहे. तेथे अभियंता आपल्या कामाचा तास-अर्धा तास कोणत्या प्रकल्पाच्या खाती टाकायचा याची नोंद रोज भरतो, कारण त्या नोंदीवरून सातासमुद्रापलीकडच्या ग्राहकाला देयक जाते. वेळ म्हणजे पैसा, हे हिंजवडीला कोणी शिकवावे लागत नाही. ज्या इमारतीत वेळ मोजण्याचे शास्त्र एवढे प्रगत झाले, तिच्या तळमजल्यावर रोजचा पाऊण तास मोजायला यंत्र नाही असे नव्हे. यंत्र आहे, पण ते आधीच बंद करून घेतले जाते.

साधा हिशेब करू. पंचेचाळीस मिनिटे, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे साडेएकोणीस तास. वर्षाचे २३४ तास. नऊ तासांचा दिवस धरला तर बरोबर सव्वीस दिवस. म्हणजे हा तरुण वर्षात बारा महिन्यांचा पगार घेतो आणि तेरा महिने राबतो. जादा कामाला दुप्पट दर हे आपल्या कायद्याचे जुने तत्त्व आहे. त्या दराने दोन महिन्यांचा पगार दरसाल त्याच्या खिशात न जाता कोठेतरी राहून जातो. आणि त्याने कोळसा काढला म्हणून जो गॅस वाचतो, तो वेगळाच. जुन्या काळी गावात याला वेठ म्हणत. वेठीला निदान हुकूम लागे. येथे ‘आपलाच तवा’ एवढ्यावर भागते.

आमच्या अर्थशास्त्रानेही या कामाची उपेक्षाच केली. अ‍ॅडम स्मिथने घरगड्याचे श्रम अनुत्पादक ठरवले, कारण ते केल्या क्षणी विरून जातात, मागे विकण्याजोगी वस्तू राहत नाही. मार्क्सने यावर जो आक्षेप घेतला त्यात योगायोगाने हॉटेलातला आचारीच उदाहरणाला आहे. तोच आचारी कोणाच्या घरी राबला तर गोष्ट वेगळी. पण हॉटेलमालकासाठी राबून त्याचे भांडवल वाढवीत असेल तर त्याचे श्रम उत्पादकच. मी वर्गात हे वर्षानुवर्षे शिकवले. पण आचारी गेल्यावर तवा कोण घासतो, हा प्रश्न ना विद्यार्थ्यांनी विचारला, ना मला सुचला.

आता कायद्याकडे येतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृह बंधनकारक करता येत असे. त्या आधारावर लढे झाले. १९९० साली रेल्वेच्या आणि १९९५ साली आयुर्विमा महामंडळाच्या उपाहारगृहांतील कामगारांना सर्वोच्च न्यायालयाने त्या त्या संस्थेचे कर्मचारी मानले. पुढे वारे फिरले. २००१ च्या पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात घटनापीठाने सांगितले की कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ज्या चार श्रमसंहिता अमलात आल्या, त्यांतील सुरक्षितता व आरोग्यविषयक संहिता तर वाचण्यासारखी आहे. एका कलमात ती शंभर वा अधिक कामगारांच्या आस्थापनेत उपाहारगृहाची सोय असावी म्हणते; आणि दुसऱ्या कलमात मुख्य कामे कंत्राटावर देऊ नयेत असे सांगताना स्वच्छता, पहारा, उपाहारगृह, बागकाम ही कामे सामान्यतः ‘मुख्य’ नव्हेत म्हणून वगळते. जेवण अत्यावश्यक, जेवण करणारा मात्र ऐच्छिक! सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील दिवसाची मर्यादा नऊवरून दहा तास करण्यास आणि कायद्याचा मुख्य अंमल वीस वा अधिक माणसांच्या आस्थापनांपुरता ठेवण्यास मान्यता दिली, तेव्हा वर्तमानपत्रांतून उद्योगस्नेही धोरण म्हणून त्याचे स्वागत झाले. तव्याच्या बाजूने पाहिले तर त्याचा अर्थ असा, की जो पाऊण तास नऊ तासांच्या मर्यादेत जादा कामात मोडतो, तो दहा तासांच्या दिवसात निमूटपणे जिरून जाईल.

पण घासणे हे काम आहे की नाही, हा प्रश्न मी वकिली कीस म्हणून मांडीत नाही. भांडवलशाहीच्या माहेरघरी तो सत्तर वर्षांपूर्वी निकालात निघाला आहे. अमेरिकेत मांस कापण्याच्या एका कारखान्यातील कसाई पाळीच्या आधी आणि नंतर आपल्या सुऱ्यांना धार लावीत, आणि मालक त्याचे पैसे देत नसे. १९५६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की बोथट सुरीने मांस कापता येत नाही, तेव्हा धार लावणे हा मुख्य कामाचाच अविभाज्य भाग होय आणि त्याची मजुरी दिली पाहिजे. धार लावलेली सुरी आणि घासलेला तवा यांत मला तरी तत्त्वाचा फरक दिसत नाही.

कंत्राटदाराची बाजूही मी ऐकली. माणूस वाईट नाही. तो म्हणाला, “सर, कंपनी ताटामागे दर ठरवते, सर्वांत कमी बोलीला ठेका देते. तेल माझ्या हातात नाही, गॅस माझ्या हातात नाही. काटकसर करायची ती माणसांतच.” हे खरे आहे, आणि म्हणूनच केवळ कंत्राटदाराच्या दारात घोषणा देऊन हा प्रश्न सुटायचा नाही. ताटाचा दर जेथे ठरतो त्या टेबलावर सफाईचा वेळ स्वतंत्र बाब म्हणून लिहिला गेला पाहिजे. त्याच बाबीत कोपरापर्यंतचे हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि चालणारा धुरका पंखा आला पाहिजे. साचलेला थर लवकर निघावा म्हणून जे द्रावण देतात त्यात बहुधा दाहक सोडा असतो. तो कातडी सोलतो आणि डोळ्याला तर घातकच. धुराविषयी म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या खंडात उच्च तापमानावर तळण्याचे धूर ‘बहुधा कर्कजनक’ गटात घातले आहेत. त्या तरुणाकडे मी पाहिले ते एक ओले फडके.

येथे थोडे आपल्या घरातलेही बोलतो. रांधणाऱ्याला आपल्या समाजात मान आहे, घासणाऱ्याला नाही. यामागे कोणती उतरंड आहे हे या सभेत सांगण्याची गरज नसावी. भटारखान्यातही तीच उतरंड शाबूत आहे: वस्ताद तव्याला हात लावतो तो चमच्याने. आपल्या संघटनांनीही यंत्रावरचा कामगार आधी पाहिला, झाडूवाला मागाहून. ज्या मुळशी तालुक्यात हे हिंजवडी गाव आहे, त्याच तालुक्यात १९२१ ते १९२४ या काळात धरणाविरुद्ध सत्याग्रह करणारे सेनापती बापट पारनेरला हातात झाडू घेऊन रस्ते साफ करीत. त्यांच्या नावाचा मोठा रस्ता पुण्यात आहे. त्यांच्या झाडूची आठवण आपण कमी काढतो.

काय करता येईल? माथाडी कामगारांसाठी १९६९ साली या राज्याने कायदा केला. विस्कळीत, मालक बदलत्या कामगारांची नोंदणी मंडळात होते, मजुरी आणि लेव्ही मंडळात भरली जाते. उपाहारगृहांतील कंत्राटी कामगारांचा ठेकेदार दोन-तीन वर्षांनी बदलतो आणि प्रत्येक वेळी त्यांची नोकरी नव्याने सुरू होते. त्यांच्यासाठी याच धर्तीचे मंडळ का असू नये, याचा मसुदा करण्याजोगी माणसे या सभागृहात बसली आहेत. पण मसुद्याला पुरावा लागतो, आणि पुरावा यंत्रात नाही, कारण ठसा आधीच उमटलेला असतो.

म्हणून मी वह्या सुचवल्या. प्रत्येक भटारखान्यात एकाने रोज दोन वेळा लिहायच्या: ठसा किती वाजता, आणि तवा पुसून झाला किती वाजता. सहा महिने. तो उदगीरचा तरुण म्हणाला, “सर, वही सापडली तर सुपरवायझर विचारेल.” भीती खरी आहे; त्याच्या जागी उद्या दुसरा मुलगा उभा करता येतो. म्हणून वही एकाची नको आणि भटारखान्यात ठेवायलाही नको. माण आणि मारुंजीच्या ज्या खोल्यांत ही मुले सहा-सहा जण राहतात, तेथे ती राहावी, आणि दर रविवारी आपल्यापैकी कोणीतरी जाऊन नोंदी उतरवून आणाव्यात. वरच्या मजल्यांवर काम करणारे जे चार-पाच अभियंते मित्र आज आले आहेत, त्यांनी तक्ते करून देण्याचे मान्य केले आहे.

पहिली वही मी आणली आहे. तीत त्या रात्रीची नोंद त्या मुलाने स्वतःच्या हाताने केली आहे: ठसा ११.०५, तवा ११.५०.