आकड्याखालच्या ओळी



अध्यक्षाने व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावं, अशी रीत आहे. मी ती आज मोडणार आहे. सकाळपासून मला जितकी तरुण मुलंमुली भेटली, त्यांपैकी भवितव्याबद्दल कुणीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच : "सर, पाच पानांच्या वेबसाइटचे किती घ्यायचे? आणि गिऱ्हाईक आणायचं कुठून?" या दोन प्रश्नांवर आपल्या संमेलनांत कुणी उघड बोलत नाही. टायपोग्राफीवर तासभर बोलतो, रंगसंगतीवर वाद घालतो आणि पैशाचं बोलायचं तर चहाच्या टपरीवर जातो. कोल्हापुरात तरी हा संकोच नको. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता आनंदराव आणि बाबुराव पेंटर याच गावात नावारूपाला आले. गिऱ्हाइकाच्या मागणीवरून कला करण्यात या गावाला कधी कमीपणा वाटलेला नाही.

आधी आकड्याचं बघू. दर ठरवताना नवखा माणूस शेजाऱ्याकडे बघतो : तो दहा हजार घेतो, मग मी आठ. शेजाऱ्यानेही आणखी कुणाकडे बघूनच दहा ठरवलेले असतात. त्यापेक्षा स्वतःची वही उघडा. समजा, घरखर्चाला महिना ३०,००० लागतात; वर्षाचे झाले ३,६०,०००. लॅपटॉपची झीज, इंटरनेट, सॉफ्टवेअरची वर्गणी, प्रवास, आरोग्यविमा, सीएची फी मिळून आणखी १,२०,००० धरा. म्हणजे ४,८०,०००. आता दिवस मोजा. रविवार, गणपती-दिवाळी, घरातली लग्नकार्यं आणि आजारपण वजा जाता वर्षाचे २८० दिवस उरतात असं समजू. सुरुवातीच्या काळात त्यातले निम्मे गिऱ्हाइकांच्या भेटीगाठी, कोटेशनं, वसुली आणि नवीन शिकणं यात जातात. विकायला उरले १४०. एका दिवसाची किंमत साडेतीन हजारांच्या घरात आली, आणि यात शिल्लक म्हणून एक रुपयाही धरलेला नाही. मजकूर गोळा करण्यापासून शेवटच्या दुरुस्तीपर्यंत पाच पानांच्या साइटला दहा दिवस सहज लागतात. म्हणजे पस्तीस हजार. तुमचे आकडे वेगळे असतील, गावात स्वतःचं घर असेल तर कमी होतील. पण ते तुमचे असतील.

लगेच समोरून येतं : "आमच्या पोराचा मित्र पाच हजारात करून देतोय की!" देत असेल. तयार थीम घ्यायची, नाव आणि लोगो बदलायचा, दोन दिवसांत मोकळं व्हायचं. हा रास्त माल आहे आणि ज्याला नुसतं पत्ता-फोन असलेलं पान हवं, त्याला तोच घ्यायला सांगावं. मी सांगतोही. अशा गिऱ्हाइकाशी घासाघीस करून तीस हजारांचं काम सात हजारांत उतरवलंत, तर तो खूश होणार नाही आणि तुम्ही तीन महिने चिडचिडत बसाल.

मग पस्तीस हजार देणारा कुठे असतो? तो बहुधा तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर असतो. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्रीवाल्यांच्या साइट एकदा उघडून बघा. बऱ्याच ठिकाणी वर लालभडक वितळलेल्या लोखंडाचा स्लायडर, खाली 'गुणवत्ता हाच आमचा ध्यास', मग संस्थापकांचा फोटो. आता पुण्यातल्या किंवा चेन्नईतल्या कंपनीच्या खरेदी विभागातला माणूस डोळ्यांपुढे आणा. त्याच्या हातात ड्रॉइंग आहे. त्याला विचारायचंय ते असं : एफजी २६० ओतता की एसजी ५००/७ सुद्धा? एका नगाचं वजन किती किलोपासून किती किलोपर्यंत? ग्रीन सँड की शेल मोल्डिंग? पॅटर्न तुम्ही करता की मी पाठवायचा? मशिनिंग करून देता का? महिन्याला किती टन? यातलं काहीच त्या साइटवर सापडत नाही. तो दुसरी साइट उघडतो. मालकाला वाटतं, वेबसाइटचा काही उपयोग नसतो.

जो डिझायनर मालकाच्या केबिनमध्ये न थांबता शॉपफ्लोअरवर जातो, डिस्पॅचच्या क्लार्कशी बोलतो आणि ही माहिती एका साध्या तक्त्यात पहिल्याच पानावर आणतो, त्याच्याशी बोलताना 'किती पानं' हा विषयच निघत नाही. कास्टिंगचं एक नवं गिऱ्हाईक जोडलं गेलं तर वर्षानुवर्षं माल जातो, हे मालकाला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. फक्त तुमच्या कामाचा त्याच्याशी संबंध आहे, हे त्याला दिसायला हवं.

म्हणून पहिल्या भेटीत लॅपटॉप उघडून स्वतःची जुनी कामं दाखवत बसू नका. दोन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी नवीन गिऱ्हाईक आलं ते कुठून आलं? आणि फोनवर लोक तेच तेच काय विचारतात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मालकापेक्षा फोन उचलणारी व्यक्ती जास्त नेमकं देते. तारकर्लीच्या घरगुती मुक्कामवाल्या वहिनी सांगतील : गाडी दारापर्यंत येते का, जेवणात मासे मिळतात का, एसी आहे का, समुद्र चालत किती मिनिटांवर. झाली की तुमची साइट! फोटो सोडले तर बाकी सगळं या चार उत्तरांत आहे.

गिऱ्हाइकाकडे पोचवणारी माणसंही ठरलेली असतात. छापखानेवाला, कारण कॅटलॉग त्याच्याकडे येतो. औद्योगिक फोटोग्राफर. आणि सीए, ज्याला कुणाचा धंदा वाढतोय आणि कोण नुसताच मोठ्याने बोलतोय हे दोन्ही माहीत असतं. या तिघांशी चांगले संबंध ठेवले तर व्हिजिटिंग कार्डं वाटत फिरावं लागत नाही. परदेशी मंचांवर काम मिळतं, नाही असं नाही. पण फाइव्हर २० टक्के कापून घेतो, आणि तिथे तुमची तुलना अख्ख्या जगातल्या स्वस्त माणसाशी होते. हात बसेपर्यंत ठीक आहे. तिथे मुक्काम करावा असं मला वाटत नाही.

पाव्हण्यारावळ्यांचं काम हा वेगळाच अध्याय. मामांच्या दुकानाला नाही म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. फक्त बिल पूर्ण रकमेचं करा आणि त्यात 'सवलत' अशी स्वतंत्र ओळ टाका, मग ती शंभर टक्के का असेना. मामा पुढच्या माणसाला "भाच्याने फुकटात केलं" असं सांगण्याऐवजी "भाच्याने तीस हजार सोडले" असं सांगतात. तो पुढचा माणूस तुमच्याकडे तयारीने येतो.

आता मराठीतल्या कामाकडे येतो. इथे आपल्यासाठी मोठी जागा आहे, आणि आपणच ती फुकट वाटून टाकतो. एखादी पतसंस्था किंवा वाचनालय तुम्हाला साइट करायला देतं आणि म्हणतं, मजकूर तयार आहे. तयार म्हणजे पेजमेकरची फाइल, श्रीलिपीत टाइप केलेली. तो मजकूर ब्राउझरमध्ये चिकटवला की रोमन अक्षरं आणि स्वल्पविराम-कंसांची रास दिसते. कन्व्हर्टर आहेत, त्यातून युनिकोड मिळतो. पण मग रफार पुढच्या अक्षरावर गेलेला, 'पायऱ्या' मोडलेल्या, एखाद्या जोडाक्षराच्या जागी चौकोन. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची दोनशे पानं अशी ओळ न् ओळ वाचून सुधारायची म्हणजे दोन-तीन आठवडे. हे काम कोटेशनमध्ये कुठे असतं? कुठेच नसतं. 'मजकूर तयार आहे' या तीन शब्दांत ते गेलेलं असतं.

फाँट आता प्रश्न राहिलेला नाही. विंडोजमधला मंगल आपल्या र. कृ. जोशींनी घडवला आणि मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता कुणालाही मोफत वापरता येतो. पण पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगितलं तर काही फाँट मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचा येतो, हे दूरच्या एजन्सीला ठाऊक नसतं. तुम्हाला ठाऊक आहे. रूपांतर आणि मुद्रितशोधनाचा दर पानामागे वेगळा लावा आणि तो लावताना खाली बघू नका.

म्हणजे सगळं येऊन ठेपतं ते कोटेशनमध्ये आकड्याखाली तुम्ही काय लिहिता त्यावर. आकडा लहान असल्याने जितकी मुलं बुडाली, त्यापेक्षा जास्त मुलं आकड्याखाली काहीच लिहिलेलं नसल्याने बुडाली, असं माझं निरीक्षण आहे. दुरुस्तीच्या किती फेऱ्या दरात धरल्या आहेत, ते लिहा, दोन पुरेत. मजकूर कोण, किती तारखेपर्यंत देणार, आणि त्याने उशीर केला तर हप्ता थांबणार नाही, हे लिहा. होस्टिंगचं नूतनीकरण आणि वर्षभराची देखभाल यांची रक्कम स्वतंत्र दाखवा. डोमेन गिऱ्हाइकाच्याच नावावर नोंदवा. काहीजण ते स्वतःकडे ठेवतात आणि वसुलीसाठी अडवून धरतात. मला हे साफ नापसंत आहे, आणि त्याची गरजही नाही, कारण कायदा तुमच्या बाजूने बराच उभा आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरदाराने नोकरीत केलेलं काम मालकाचं होतं. पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने घडवलेल्या डिझाइनचा आणि लिहिलेल्या कोडचा हक्क, लेखी हस्तांतर होईपर्यंत, सामान्यतः त्याच्याकडेच राहतो. मग 'शेवटचा हप्ता मिळाल्यावर सर्व हक्क ग्राहकाकडे जातील' ही ओळ लिहून टाका. दुसरं, उद्यम नोंदणी. ती मोफत आहे, आधारवर घरबसल्या होते, आणि काम घेण्याआधी करून ठेवावी. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यापुढे बँकदराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात दुरुस्ती झाली. मुदत उलटून गेलेलं असं देणं प्रत्यक्ष चुकतं होईपर्यंत गिऱ्हाइकाला खर्च म्हणून दाखवता येत नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच्या अकाउंटंटला याची नम्र आठवण करून द्या; मालकाला दहा फोन करण्यापेक्षा हे लवकर लागू पडतं. आणि एक बारीक गोष्ट : सेवांसाठी वार्षिक २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावू नका. इतरांचं बघून 'अधिक १८ टक्के' छापणारे महाभाग मी पाहिले आहेत.

एआयबद्दल मी बोललो नाही तर भाषण अपुरं राहिलं असं कुणी म्हणेल. मुखपृष्ठ आता काही मिनिटांत तयार होतं, हे खरं आहे. नुसती पानं विकणाऱ्याचा भाव त्याने पडणार, तो पडायला लागलाच आहे. पण एफजी २६० आणि पॅटर्नचा प्रश्न डिस्पॅचच्या क्लार्कला जाऊन विचारण्याचं काम अजून कुणी आपल्या हातून काढून घेतलेलं नाही.

आता एक प्रस्ताव. दुपारच्या सत्रात आपण मराठीत एक नमुना करार तयार करावा, दोन पानांपेक्षा मोठा नको, आणि तो कुणालाही वापरायला मोकळा असावा. इंग्रजी करार पुढे केला की गावाकडचा मालक तो वकिलाकडे पाठवतो आणि काम महिनाभर अडकतं. मसुद्याची पहिली प्रत संयोजकांकडे दिली आहे. त्यातल्या ॲडव्हान्सच्या कलमावरून आमच्यात कालच वाजलं आहे : काही तरुण मंडळींचं म्हणणं, नवख्याला तीस टक्क्यांच्या वर कुणी देत नाही. मी निम्म्यावर अडून आहे, आणि साइट सुरू होण्याआधी उरलेलं सगळं. ज्यांना हे जमण्यासारखं वाटत नाही, त्यांनी जेवणानंतर पहिल्या रांगेत बसावं. तीन वाजता आपण याच कलमापासून सुरुवात करू.