बदकाचे घर काठावर



आज आम्ही तुमच्याशी बदकाविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गुरुजींना दुसरा विषय मिळाला नाही का? कांद्याचा भाव आहे, पाण्याची पाळी आहे, पोरांच्या नोकऱ्या आहेत. हे विषय मोठे, हे आम्हाला कबूल आहे. पण आमच्या हातून एकदा एक चूक झाली. ती बदकाच्या बाबतीत झाली. तीच चूक आज चाकणपासून चिंचवडपर्यंत गावोगाव होताना दिसते. म्हणून बोलतो.

रानबदके पुष्कळ जातींची असतात. आपल्या तलावावर बारा महिने दिसते ते हळदी-कुंकू बदक. नाव किती नेमके आहे पाहा. चोच काळी. चोचीच्या टोकाला हळदीसारखा पिवळा रंग. कपाळाजवळ, चोचीच्या मुळाशी, कुंकवासारखे दोन तांबडे ठिपके. अंग करडे-तपकिरी, त्यावर खवल्यांसारखी नक्षी. पाय शेंदरी. उडाले की पंखावरचा हिरवा पट्टा चमकतो. नर आणि मादी दिसायला सारखीच.

थंडीत दुसरीही बदके येतात. थापट्या येतो, त्याची चोच पळीसारखी रुंद असते. तलवार बदक येते, त्याची शेपटी लांब आणि टोकदार असते. ही पाहुणे मंडळी. मध्य आशिया, सायबेरिया अशा लांबच्या मुलखातून येतात. ऊन तापू लागले की परत जातात. त्यांची अंडी-पिल्ले तिकडेच होतात. हळदी-कुंकू मात्र इथलेच. त्याचा जन्म इथला आणि संसारही इथलाच.

आता आमची चूक सांगतो. तिला वीस-बावीस वर्षे झाली. तेव्हा आम्ही चाकणच्या पलीकडे एका खेड्यात शाळेवर मुख्याध्यापक होतो. त्या गावाला पाझर तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून, माती वाहून तो बांधला. त्या वर्षी १५ ऑगस्टला तलावाच्या काठी झाडे लावायचे ठरले. पाहुणे येणार होते. काठावर कमरेएवढे गवत माजले होते. आम्ही वरच्या वर्गातील मुलांना विळे आणायला सांगितले. "काठ कसा आरशासारखा झाला पाहिजे," हे आमचेच शब्द.

मुले कामाला लागली. तिथे एक आजी गुरांसाठी गवत कापत होत्या. त्यांनी हात करून आम्हाला थांबवले.

"गुरुजी, त्या कोपऱ्याला विळा लावू नका. तिथनं पाखरू उठलंय. अंडी असत्याल."

आम्ही म्हणालो, "आजी, पाखराला काय, जागा पुष्कळ आहे. दुसरीकडं जाईल."

आजी पुढे काही बोलल्या नाहीत. भारा डोक्यावर घेऊन निघून गेल्या.

अर्ध्या तासात गवत आडवे झाले आणि घरटे उघडे पडले. जमिनीतच एक खळगा. त्यात वाळलेले गवत. त्यावर मऊ पिसांची गादी. गादीवर नऊ अंडी. बदक डोक्यावर घिरट्या घालत होते. आम्ही मुलांना मागे घेतले. पण आता आडोसा कुठला राहिला होता? दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर सात अंडी कावळ्यांनी फोडलेली. बदक तलावाच्या मधोमध बसले होते. ते काठाकडे आले नाही.

उरलेली दोन अंडी एका मुलाने घरी नेली आणि खुडूक कोंबडीखाली ठेवली. आठवड्याने एका अंड्यातून पिल्लू निघाले. साऱ्या शाळेला आनंद झाला. आम्ही त्याला भाकरीचा चुरा घातला, तांदळाची कणी घातली. तिसऱ्या दिवशी ते मेले. मुलगा म्हणाला, "गुरुजी, आपण त्याला काय कमी केलं?"

मंडळी, आम्हाला उत्तर देता आले नाही.

उत्तर आम्ही पुढे शोधले. तलावावर जाऊन तासन्‌तास बसलो. पुस्तके वाचली. आपल्या मराठीत मारुती चितमपल्ली यांनी आयुष्य जंगलात घालवून पक्षीकोश लिहिला. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते वारले. अशा माणसांचे लिखाण वाचले तेव्हा आपण काय मोडले ते समजले.

बदक पाण्यात राहते, पण अंडी पाण्यात घालत नाही. ते अंडी घालते काठावर. ही गोष्ट नीट ध्यानात धरा. आजच्या बोलण्याचे सार तेच आहे.

पाऊस स्थिरावला, तळी भरली, गवत वाढले, की मादी जागा शोधते. आपल्याकडे साधारण आषाढ ते आश्विन हा तिचा काळ. पाऊस लांबला तर तीही लांबते. पाण्याजवळच्या दाट गवतात किंवा झुडपाच्या बुडाशी ती घरटे करते. रोज एक याप्रमाणे सात ते बारा अंडी घालते. सगळी घालून झाली की मग उबवायला बसते. म्हणूनच पिल्ले बहुधा एकाच दिवशी निघतात. कोंबडीला एकवीस दिवस लागतात, हिला साधारण चोवीस. घरट्यातली मऊ पिसे ती आपल्याच छातीची उपटून घालते. चरायला जाताना तीच पिसे अंड्यांवर पांघरते. बाळंतिणीने लेकरावर पदर घालावा तसे.

पिल्लू बाहेर येते तेव्हाच त्याचे डोळे उघडे असतात आणि अंगावर लव असते. एक-दोन दिवसांत आई साऱ्यांना पाण्यावर नेते. चिमणी पिलाला भरवते, तशी ही भरवत नाही. पिल्लू स्वतःच टिपते. काय टिपते? पाण्यातले किडे आणि अळ्या. मोठे बदक बी खाते, पाला खाते. भातखाचरात उतरले तर थोडे नुकसानही करते, ते आम्ही लपवत नाही. पण वाढत्या पिलाला किडाच हवा. तान्ह्या लेकराला जसे दूध, तसे त्याला किडे. आणि आम्ही त्याला भाकरी चारत होतो!

हे किडे पिलाला कुठे गावतात? काठाच्या उथळ पाण्यात, लव्हाळ्यात. मधल्या खोल पाण्यात त्याला काही मिळत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. अंडी-पिल्लांचा हंगाम सरला की मोठ्या बदकाच्या पंखांतली उडायची पिसे एकदम गळतात. नवी येईपर्यंत तीन-चार आठवडे त्याला उडता येत नाही. तेवढ्यात कुत्रे आले तर त्याने जावे कुठे? पुन्हा लव्हाळ्यातच. म्हणजे बदकाचे घर काठावर, पिलाचे खाणे काठाशी आणि लपायची जागाही काठालाच.

दुसऱ्या पाखरांचेही असेच आहे. अडई नावाचे बदक शीळ घालत उडते. ते झाडाच्या ढोलीत किंवा दुसऱ्या पाखरांच्या जुन्या घरट्यात अंडी घालते. पाण्याजवळचे जुने झाड तोडले की त्याचे घर मोडले. टिबुकली पाणवनस्पतींचे तरंगते घरटे करते आणि उठून जाताना अंड्यांवर ओला पाला ओढते. टिटवी उघड्या माळावर खड्यांतच अंडी घालते. ती ओरडून अंगावर आली तर समजावे, आपले पाऊल चुकीच्या जागी पडत आहे.

आता आपल्या मुलखाकडे पाहू. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभारला गेला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे पिंपरी-चिंचवड, भोसरी, मग चाकण असे कारखाने पसरत गेले. आम्ही कारखान्यांना नावे ठेवत नाही. आमच्या किती विद्यार्थ्यांच्या चुली त्यावर पेटतात! पण कारखान्यामागे वस्ती आली आणि वस्तीमागे भराव आला. पायाची माती, पाडलेल्या भिंतींचा राडारोडा कुठे टाकायचा? तर ओढ्यात, नाही तर तळ्याच्या काठाला. ती जागा पडीक वाटते ना! पाणी तसेच दिसते. मग लोक विचारतात, "तळं तर आहे, बदकं कुठं गेली?" तळे आहे, पण काठ नाही.

नद्यांवर दुसरेच संकट आहे. पवना आणि इंद्रायणी जलपर्णीने झाकून जातात. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. गावांचे आणि शहराचे मैलापाणी हे तिचे खत. पाणी झाकले की उजेड आत जात नाही, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे गुदमरतात. बदकाला उतरायला उघडे पाणी उरत नाही. जलपर्णी काढलीच पाहिजे, पण पाऊस सुरू होण्यापूर्वी. आणि काढताना यंत्राने काठ खरवडू नये. आपली घाण आपल्यापाशी राहत नाही, हेही लक्षात घ्या. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. भामा आणि पवना यांचे पाणीही शेवटी भीमेतच जाते. ते सारे पुढे उजनी धरणात साठते. भिगवणला हिवाळ्यात पाखरांचे थवे उतरतात, ते त्याच पाण्यावर.

मग आपण करायचे काय? फार मोठे काही नाही.

पहिली गोष्ट. तलावाचा बांध साफ ठेवा, तो मजबूत राहिला पाहिजे. पण ओढा जिथे तलावात येतो, त्या उथळ बाजूला गवताची रुंद पट्टी राखा. आषाढ ते आश्विन तिथे विळा लावू नका. उन्हाळ्यातही सारे गवत पेटवून देऊ नका. त्या गवताने माती धरली जाते, गाळ कमी येतो आणि माशांच्या पिलांनाही आडोसा मिळतो.

दुसरी गोष्ट. गवत कापताना पाखरू पायातून उडाले तर विळा थांबवा. तेवढा कोपरा सोडून द्या. अंड्यांना हात लावू नका.

तिसरी गोष्ट. काठाला राडारोडा पडू देऊ नका. १ मेच्या ग्रामसभेत विषय मांडा, कारण पुढे पावसाळा असतो. तुम्हाला आता लिहिता-वाचता येते. अर्ज स्वतः लिहा आणि त्याची पोच घ्या.

चौथी गोष्ट. उरलेले अन्न तलावाकाठी टाकू नका. त्यावर कुत्री जमतात आणि मग ती घरटी हुंगतात.

पाचवी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानबदक मारणे गुन्हा आहे. त्याची अंडी नेणे, फोडणे, घरटे विसकटणे हीसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकारच. गवत कापायला लावले तेव्हा आम्हाला हे ठाऊक नव्हते. तुम्हाला आता ठाऊक झाले.

पुढच्या वर्षी आम्ही त्या आजींकडे गेलो. म्हणालो, "आजी, आमचं चुकलं. पट्टी कुठं राखायची, ते तुम्हीच दाखवा." त्या आल्या. चार दगड ठेवून त्यांनी हद्द आखून दिली. त्या वर्षी काही झाले नाही. पुढच्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी भाद्रपदात त्या लव्हाळ्यातून बदक बाहेर आले आणि मागोमाग आठ पिल्ले, माळेसारखी. शाळा सोडून आम्ही सगळे पाहायला गेलो. आजीही आल्या होत्या.

आज आजी नाहीत. तलावाच्या वरच्या अंगाला प्लॉट पडले आहेत. मातीचा भराव त्या चार दगडांपर्यंत येऊन ठेपला आहे. पट्टी अजून शिल्लक आहे. ती यंदा राहते की जाते, ते गावाने ठरवायचे आहे. आम्ही ग्रामसभेला जाणार आहोत. तुमच्याही गावात असा एखादा काठ असेल. तो आधी जाऊन पाहा, आणि मग तुम्हीही ग्रामसभेला जा.

राम राम.