चार सुरांची भाषा



बीजिंगचे भाषा व संस्कृती विद्यापीठ १९६२ साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्थापन झाले. तेथे नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याची पहिली कसोटी वर्गात नव्हे, बाजारात लागते. चिनी भाषेत सूर बदलला की अर्थ पालटतो. ‘माय’ तिसऱ्या सुरात म्हटले तर ‘विकत घेणे’, चौथ्या सुरात म्हटले तर ‘विकणे’. सकाळी घोकलेला हा भेद भाजीवाल्यासमोर निसटतो. गिऱ्हाईकच विक्रेता ठरते आणि हसे होते. रात्री वसतिगृहात चौकटींच्या वहीत एकेक चिन्ह गिरवावे लागते. उच्चारासाठी रोमन लिपीतील ‘पिनयिन’चा आधार असतो.

ही पद्धती १९५८ साली स्वीकारली गेली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेव्हा ती नव्हती. तरीही जखमी सैनिकांची सेवा करीत ते चिनी शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवू लागले.

हसे झाले म्हणून जो बाजार टाळतो, त्याची भाषा वहीतच राहते. जो दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो, त्याच्या पिशवीत भाजीबरोबर भाषाही येते.