भूत नसलेलं भुताचं जहाज

१९४२ साली हॉलिवुडच्या आर. के. ओ. स्टुडिओनं व्हॅल ल्यूटन नावाच्या माणसाकडे स्वस्तातले भयपट काढायचं काम सोपवलं, ते तीन अटी घालून. एका चित्रपटाला दीड लाख डॉलरच्या वर खर्च करायचा नाही, लांबी सव्वा तासाच्या आत ठेवायची आणि नाव स्टुडिओ देईल तेच लावायचं. ‘कॅट पीपल’ हा त्याचा पहिलाच चित्रपट चांगला चालला. मग वर्षभरात आणखी एक फर्मान आलं. ‘पॅसिफिक लायनर’ या १९३९च्या चित्रपटासाठी बांधलेल्या जहाजाचा सेट स्टुडिओत तसाच पडून होता. तो वापरून काहीतरी करा, असं ल्यूटनला सांगण्यात आलं. नाव ठरलं ‘द घोस्ट शिप’. आज मला बोलायचं आहे ते या १९४३च्या, अवघ्या ६९ मिनिटांच्या चित्रपटाबद्दल.

नाव भुताचं, पण चित्रपटात भूत नाही. ‘आल्टेअर’ नावाचं मालवाहू जहाज आहे. टॉम मेरियम हा तरुण तिसरा अधिकारी म्हणून त्यावर नव्यानं रुजू होतो. कप्तान स्टोन त्याचं प्रेमानं स्वागत करतो. एकदा केबिनमध्ये दिव्याभोवती एक पतंग घिरट्या घालत असतो. मेरियम त्याला मारायला हात उगारतो, तसा कप्तान त्याला थांबवतो. या जिवाची जबाबदारी तुझ्यावर नाही, तेव्हा त्याला मारायचा हक्कही तुला नाही, असं काहीसं तो समजावतो. ऐकताना ही दयाच वाटते. पण जरा उलटून पाहा. ज्यांची जबाबदारी माझ्यावर, त्यांच्या जिवावर माझा हक्क, असा त्याचा अर्थ निघतो. जहाजावरच्या प्रत्येक खलाशाची जबाबदारी कप्तानावरच असते. पुढचा सगळा चित्रपट या एका वाक्यातून वाढत जातो.

आता एक प्रसंग. डेकवर माल चढवायचा एक अवजड लोखंडी आकडा साखळीला टांगलेला आहे. त्याला नुकताच रंग दिला आहे. मेरियम म्हणतो, हा बांधून ठेवू या. कप्तान म्हणतो, रंग ओला आहे, खराब होईल. रात्री समुद्र खवळतो, जहाज डोलू लागतं आणि तो आकडा अंधारात सुटतो. डावीकडून येतो, उजवीकडे जातो, मध्ये येईल ते फोडतो. खलाशी वाकतात, पळतात, दोर टाकून त्याला धरायला बघतात. छायालेखक निकोलस मुसुराका यांनी उजेड एवढा मोजून वापरला आहे की आकडा दिसेनासा झाला की आपला श्वास अडकतो. लोखंडाचा एक तुकडा, थोडं धुकं आणि बराचसा अंधार, एवढ्याच भांडवलावर हे उभं केलं आहे. दिग्दर्शक मार्क रॉबसन मुळात संकलक होते, आणि कुठे कापायचं हे त्यांना नेमकं कळतं ते इथे दिसतं.

त्याहून भयंकर प्रसंग नांगराच्या साखळीचा. नांगर वर ओढताना साखळी ज्या लोखंडी कोठीत जमा होते, तिथे ती नीट रचायला एक खलाशी उतरलेला असतो. याच खलाशानं कप्तानाकडे तक्रार केलेली असते. कप्तान शांतपणे येतो, कोठीचं दार लावून घेतो आणि निघून जातो. साखळी कोसळत राहते. तिच्या खडखडाटात आत अडकलेल्या माणसाच्या हाका बुडून जातात. रक्त दाखवलेलं नाही, दाखवायची गरजही पडत नाही. आवाजाची ताकद काय असते हे रेडिओच्या श्रोत्यांना मी निराळं सांगायला नको.

भुताचं जहाज म्हटलं की रिकामं जहाजच डोळ्यांसमोर येतं. २०११च्या पावसाळ्यात जुहूच्या किनाऱ्यावर ‘विझ्डम’ नावाचं भंगारात निघालेलं जहाज येऊन रुतलं होतं, ते अनेकांना आठवत असेल. पुढे त्यावरून ‘भूत’ नावाचा हिंदी चित्रपटही निघाला, २०२० साली. रिकाम्या जहाजाची भीती वाटणं साहजिक आहे. ल्यूटनचं जहाज मात्र माणसांनी भरलेलं आहे, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. मेरियम बंदरावर उतरून कप्तानाविरुद्ध तक्रार करतो, तेव्हा खलाशी एकामागून एक कप्तानाच्या बाजूनं साक्ष देतात. तेच खलाशी, ज्यांच्यातला एक जण मेलेला आहे! पुढे मेरियमला पुन्हा त्याच जहाजावर प्रवास करावा लागतो, आणि त्याच्याशी बोलायलाही कोणी धजत नाही. सत्य उमगतं ते एका मुक्या खलाशाला. त्याला बोलता येत नाही, पण त्याच्या मनातले विचार आपल्याला ऐकू येतात. ही कल्पना मला फार मोठी वाटते. १९४३ साली, जगभर हुकूमशहांचं युद्ध पेटलेलं असताना, अमर्याद सत्ता माणसाचं काय करते आणि भोवतालची चांगली माणसं गप्प का बसतात, हे एका बी दर्जाच्या चित्रपटानं इतक्या स्पष्टपणे मांडलं.

आणि हाच चित्रपट लोकांपासून कित्येक वर्षं दूर राहिला. आमची कथा चोरली, असा दावा दोन लेखकांनी लावला. ल्यूटननं तडजोड नाकारली, पण निकाल विरुद्ध गेला. स्टुडिओला भरपाई द्यावी लागली आणि चित्रपट वितरणातून काढून घेतला गेला. पुढे स्वामित्वहक्काचं नूतनीकरण झालं नाही, तेव्हा कुठे १९९०च्या दशकात तो पुन्हा मोकळेपणानं पाहायला मिळू लागला. ल्यूटन १९५१ सालीच, वयाच्या ४६व्या वर्षी गेला होता.

चित्रपटात उणिवा आहेत. शेवट घाईघाईत उरकला आहे आणि काही पात्रं नुसती येऊन जातात. तरीही ल्यूटनच्या भयपटांत मी याला फार वरचं स्थान देईन. मिळाला तर जरूर पाहा. दिवे मालवून पाहा आणि आवाज मात्र मुळीच कमी करू नका.