जनीची वाकळ

मायबाप हो, जनाबाई आपल्या जवळच्या गंगाखेडची. देव तिच्या घरी दळू लागला. पहाट झाली, काकड्याची वेळ आली, आणि घाईत देव काय करून बसला? शेला आणि पदक तिथंच विसरला, अन् जनीची वाकळ पांघरून राउळात जाऊन उभा राहिला. पुढं जनीवर चोरीचा आळ आला, सूळ उभा केला, सुळाचं पाणी झालं. हे तुम्हाला ठाऊक आहे. मला बोलायचं आहे ते वाकळेचं.

आमच्या घरी पाळणा हलणार होता. माझ्या आईनं शिवलेलं दुपटं पेटीत होतं, पार विरलेलं. सूनबाईनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, असंच करायचं. खाली जुनं लुगडं, मधी धोतराचे पदर, वर ठिगळं. काठापासून धावदोरा धरायचा आणि चौकटीत चौकट घालत मध्यापर्यंत यायचं. गाठी आत दडवायच्या, लेकराच्या अंगाला टोचू नयेत. नवं कापड मुळीच नको. त्याला खळ असते. दहा वर्षं धुतलेल्या लुगड्याची मऊ त्याला कुठून येणार?

सगळ्यांचं कापड गोळा झालं. माझा फेटासुद्धा गेला, बरं का! शिवायला बसल्या आत्याबाई. नजर गेली, पण हात अजून सुतात. बाराव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली ही बाई. तिचं मात्र एक ठिगळ नव्हतं. "माझं नको रे, लेकराच्या अंगावर," म्हणाली.

आणि मी गप्प बसलो. चाळीस वर्षं जनीची वाकळ गावोगाव सांगणारा मी!

सूनबाईनं विचारलं, "मामंजी, देवानं वाकळ पांघरताना विचारलं होतं का, लुगडं कुणाचं म्हणून?"

काय उत्तर देणार, माउली? उठलो, आत्यापुढं बसलो, म्हणालो, "तुझ्या पदराचा तुकडा दे." तिनं लई वेळ माझ्याकडं पाहिलं. मग कातरली बोटभर चिंधी. म्हणाली, "आत घाला. वर दिसू देऊ नका."

सूनबाईनं ती वरच लावली, अगदी मधोमध.

काठापासून निघालेला दोरा तीन दिवसांनी त्या चौकटीपाशी आला. आत्याबाईंनी बोटानं चाचपून पाहिलं. सुई थांबली. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "दोरा संपला गं. ओवून दे."

विठ्ठल विठ्ठल!