नाका कुणासाठी?



पाळी संपवून, भाकरी खायची सोडून तुम्ही सभेला आलात, तेव्हा आम्ही पाल्हाळ लावत नाही. एकच सवाल घेऊन आलो आहोत. आपल्याच देशात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात निघालेल्या माणसाला नाक्यावर अडवायचं आणि 'मागं फिर' म्हणायचं, हे कोणत्या न्यायात बसतं?

आधी हकीगत ऐका. १४ डिसेंबर २०२२ रोजी दिल्लीत केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना एकत्र बसवलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कुणी कुणाच्या मुलखावर हक्क सांगायचा नाही, दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री बसून वाद मिटवतील, असं ठरलं. आम्ही म्हटलं, बरं झालं. पण पुरते पाच दिवस गेले नाहीत तोच, १९ डिसेंबरला, बेळगावातला महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा रोखला गेला. त्याला निघालेले हातकणंगल्याचे खासदार धैर्यशील माने यांना जिल्ह्यात पाऊल टाकायची बंदी झाली. कोल्हापूरहून गेलेल्यांना कागलच्या पुढं कोगनोळी नाक्यावर पोलिसांनी अडवलं. १९८६ साली तर छगन भुजबळांना वेष पालटून बेळगावात शिरावं लागलं होतं!

आता तारीख ध्यानात घ्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्याआधी, १५ ऑगस्ट १९५५ला, निःशस्त्र सत्याग्रही सरहद्द ओलांडून गोव्यात जायला निघाले, तेव्हा पोर्तुगीजांनी त्यांना गोळ्या घातल्या. ती सरहद्द परक्याची होती. कोगनोळीचा नाका परक्याचा आहे काय? दोन्हीकडं एकच झेंडा, एकच घटना!

घटनेच्या १९व्या कलमानं भारतभर कुठंही फिरायचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे. सार्वजनिक हितासाठी त्यावर वाजवी बंधन घालता येतं, हेही त्याच कलमात आहे, आणि आम्ही ते लपवीत नाही. जो दगड घेऊन येतो त्याला खुशाल अडवा. पण जो शब्द घेऊन येतो, त्याला अडवणं वाजवी कसं?

कुणी म्हणेल, ही पुढाऱ्यांची भांडणं. आपल्या मागाला त्याचं काय? काय नाही ते विचारा! पुढाऱ्याला अडवलं तर तो मोटार वळवून घरी जातो. त्याच डिसेंबरात बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या नाक्यावर महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगड पडले. इकडं पुण्यात कर्नाटकाच्या एस.टी. गाड्यांना काळं फासलं गेलं. गाड्या बंद झाल्या, आणि हाल कुणाचे झाले? बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला निघालेल्या गरिबाचे! त्या कन्नड ड्रायव्हरनं आपलं काय घोडं मारलं होतं? तोही आपल्यासारखाच पगारावरचा माणूस.

सोलापूरकरांनी हे विसरू नये. आपल्या गिरण्यांत मराठी, तेलुगू आणि कानडी माणूस खांद्याला खांदा लावून राबला. मोठ्या गिरण्यांचे भोंगे थांबले, तरी चादरी-टॉवेलच्या यंत्रमागांवर आजही तेच हात आहेत. आपल्यातल्या कित्येकांची सोयरीक अक्कलकोटच्या पलीकडं, विजापूर-कलबुर्गीपर्यंत आहे. १९३० साली याच शहरावर इंग्रजांनी मार्शल लॉ लादला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा हे चौघे फासावर गेले. त्यांनी एकमेकांची जात, धर्म आणि बोली विचारली नव्हती.

म्हणून आमची मागणी नीट ऐका. बेळगाव, निपाणी, कारवारचा मराठी माणूस १ नोव्हेंबर १९५६ पासून न्याय मागतो आहे. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. निकाल तिथं लागो. तोवर रस्ता मोकळा पाहिजे! तिकडून येणाऱ्या कानडी माणसालाही आपल्या नाक्यावर कुणी हात लावता कामा नये. आपण इकडं त्याची गाडी फोडली, तर तिकडं आपल्याला वाट मागायचं तोंड उरणार नाही.

आपलं भांडण हुकमाशी आहे, शेजाऱ्याशी नाही. एवढं गाठीला बांधून घरी जा, आणि उद्या मागावर शेजारच्या कानडी भावालाही सांगा.

जय महाराष्ट्र! जय हिंद!